खोळंब्याचा जमाखर्च

आमच्या दिव्याच्या घरीं सकाळीं साडेसहाला दोन गोष्टी एकदम सुरू होतात. स्वयंपाकघरांत वहिनी चहाचें आधण ठेवतात, आणि बैठकीच्या खोलींत काकासाहेब संगणकाची कळ दाबतात. 2023 च्या दिवाळीपर्यंत या शर्यतींत संगणक पुढें असे. दिवाळीनंतर चहा पुढें जाऊं लागला. पुढें पुढें तर चहा पिऊन, कप विसळून झाले तरी संगणकाचा पडदा काळाच, आणि त्यावर लाल चांदण्यांची एक इवलीशी रांग डावीकडून उजवीकडे येरझारा घालीत बसलेली, असा देखावा रोजचा झाला.

काकासाहेब हे आमच्या वडिलांचे धाकटे बंधू. वय अठ्ठ्याहत्तर. रेल्वेच्या हिशेब खात्यांत उभी नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्यांनीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत हातीं घेतला. गांवोगांवच्या भाऊबंदांस पत्रें लिहावयाचीं, त्यांच्याकडील जुने कागद मागवून त्यांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं, कोणाची शाखा कोणत्या गांवीं गेली तें जुळवावयाचें, असा अकरा वर्षांचा उद्योग या एकाच यंत्रांत साठविलेला. त्यामुळें यंत्राचा खोळंबा हा आमच्या घरीं सर्वांच्या काळजीचा विषय झाला, आणि प्रत्येकानें आपापलें निदान सांगितलें.

दादा म्हणाले, “2014 सालचें यंत्र आहे तें. म्हातारें झालें. नवें आणूं.”

पुतण्या म्हणाला, “काका, याच्यांत नको त्या सेवा फार चालतात. मी यादी काढतों आणि एकजात बंद करून टाकतों.”

काकासाहेब म्हणाले, “अरे, उठायला वेळ मलाहि लागतो. म्हणून मला बदलणार आहां कीं माझीं कामें बंद करणार आहां?”

या सदरांतून आपण आजवर शिवणयंत्राच्या, मिक्सरच्या व पाण्याच्या पंपाच्या कुरबुरी ऐकल्या. त्या सर्वांत एक गोष्ट समान होती: यंत्राचा बिघाड आपल्याला बाहेरून ओळखावा लागे. संगणकाचें तसें नाहीं. तो आपला जमाखर्च स्वतः लिहून ठेवतो, आणि विचारलें तर दाखवितोहि. दुर्दैव इतकेंच कीं, तो कोणी विचारीत नाहीं.

आमच्या यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली आहे. 2020 च्या जानेवारींत विंडोज 7 या प्रणालीची निगा तिच्या निर्मात्यांनीं थांबविली, तेव्हां धाकट्या बंधूंनीं ती काढून लिनक्स बसविली. फिनलंडमधील हेलसिंकीच्या विद्यापीठांत शिकत असतां लिनस टोर्वाल्ड्स यांनीं 1991 सालीं या प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला. तिची मूळ संहिता कोणासहि वाचतां, बदलतां व वांटतां येते. आमच्याच लोहमार्गावर पुढें कर्जत तालुक्यांतील खैरात येथील लहानशा शाळेंत 2007 सालीं मुलांच्या हातीं जे चिमुकले संगणक आले, त्यांतहि लिनक्सच होती. कमी शक्तीच्या यंत्रावर ती निभावून नेते असा तिचा लौकिक. मग आमच्याच घरीं तिनें असें रडत कां उठावें?

संगणक उठतो म्हणजे काय होतें, हें प्रथम थोडक्यांत पाहूं. कळ दाबतांच फर्मवेअर नांवाची यंत्रांत कायम कोरलेली आज्ञावली हातपाय हलवून पाहते: स्मृति जागेवर आहे का, कळफलक जोडला आहे का, तबकडी कोठें आहे. मग ती लोडर नांवाच्या लहान आज्ञावलीस हांक मारते. लोडर प्रणालीचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात तो, तबकडीवरून उचलून स्मृतींत ठेवतो. कर्नल जागा झाला कीं तो पहिला सेवक उभा करतो, आणि हा पहिला सेवक पुढच्या सगळ्या सेवा सुरू करतो: आवाज, छपाई, जाळें, घड्याळ, आणि शेवटीं आपण पाहतों तो रंगीत पडदा.

लिनक्सवरील हा पहिला सेवक पूर्वीं एकामागून एक कामें करी. एक काम संपल्याशिवाय दुसऱ्यास हात लावावयाचा नाहीं. 2010 सालीं लेनार्ट पॉटरिंग व के सीव्हर्स यांनीं सिस्टमडी हा नवा सेवक पुढें आणला. तो शक्य तितकीं कामें एकाच वेळीं सुरू करतो आणि ज्यास दुसऱ्याची गरज आहे त्यासच थांबवून ठेवतो. आज बहुतेक प्रमुख लिनक्स संचांत तोच असतो.

दिव्यास राहणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाहीं. ठाणें व दिवा यांच्या दरम्यानची पांचवी व सहावी मार्गिका 2022 च्या फेब्रुवारींत सुरू झाली, ती लांब पल्ल्याच्या गाड्या आणि उपनगरी गाड्या एकमेकींच्या वाटेंत येऊं नयेत म्हणून. मार्गिका वाढल्या कीं गाड्या समांतर धांवतात. परंतु दिव्याच्या फाटकाची आठवण ज्यांना आहे, त्यांना हेंहि ठाऊक आहे कीं रस्त्यावरच्या वाहनांसाठीं फाटक उघडें राहिलें कीं मार्गिका कितीहि असोत, गाड्या उभ्याच राहावयाच्या. डब्यांतला उतारू म्हणतो, “गाडी जुनी झाली, हळू चालते.” गाडी हळू चालत नसते, ती उभी असते. काम करण्यास लागणारा वेळ आणि वाट पाहण्यांत जाणारा वेळ हे दोन वेगळे खर्च आहेत, आणि ते एकाच रकान्यांत मांडले तर हिशेब कधींच लागत नाहीं.

हें मीं काकासाहेबांना सांगितलें, तेव्हां ते खुर्ची पुढें ओढून बसले. “मग रकाने पाड,” म्हणाले.

पुतणी संगणकाच्या विषयाचें शिक्षण घेते. तिनें काळी खिडकी उघडून ‘सिस्टमडी-ॲनलाइझ’ ही आज्ञा दिली. एका ओळींत सगळा खर्च समोर आला. फर्मवेअरचे 11 सेकंद, लोडरचे 10, कर्नलचे 38, आणि पुढील सेवांचे 2 मिनिटें 31 सेकंद. एकूण साडेतीन मिनिटें. काकासाहेबांनीं तें वहींत उतरवून घेतलें, आणि लगेच विचारलें, “एकाच दिवसाचा आंकडा आहे हा. उद्यां-परवांचा बघायला नको का?” ही सूचना फार मोलाची. तीन दिवस तीच आज्ञा दिली. पहिले तीन आंकडे जवळपास जसेच्या तसे राहिले. शेवटचा मात्र दोन-चार सेकंदांनीं वर-खालीं होई. त्या दोन-चार सेकंदांकडे आम्हीं तेव्हां लक्ष दिलें नाहीं.

यापुढें पुतण्यानें आपली यादी काढली. ‘ब्लेम’ हा शब्द त्याच आज्ञेस जोडला कीं प्रत्येक सेवेला किती वेळ लागला याची उतरती यादी मिळते. नांवाचा अर्थच ठपका ठेवणें असा असल्यामुळें, यादींतला पहिला तोच गुन्हेगार, असें पाहणाऱ्यास वाटतें. आमच्या यादींत वर होती ती जाळें जुळेपर्यंत थांबणारी सेवा. पुतण्याचा हात ती बंद करण्यास शिवशिवूं लागला. पुतणी म्हणाली, “थांब रे दादा. ती बाजूच्या मार्गिकेवर उभी आहे. तिच्यासाठीं कोण थांबलंय तें आधीं बघ.” तिनें ‘क्रिटिकल-चेन’ ही दुसरी आज्ञा दिली. हिच्यांत एकामागें एक अडकून राहिलेल्यांचीच सांखळी दिसते. जाळ्याची सेवा तींत नव्हतीच. यादींत दिसणारा मोठा आंकडा आणि खरोखर वाट अडविणारा या दोन निराळ्या व्यक्ति आहेत, हा धडा संगणकापुरताच आहे असें मला वाटत नाहीं.

मग वाट कोणी अडविली होती? प्रणाली जी रोजनिशी ठेवते ती आम्हीं उघडली. तींत स्पष्ट नोंद होती: अमुक खुणेच्या विभागाची वाट पाहिली; नव्वद सेकंद झाले; आला नाहीं; पुढें निघालों. हीच ती लाल चांदण्यांची येरझार.

याचा उलगडा असा. तबकडीवर ‘स्वॅप’ नांवाचा एक विभाग राखून ठेवलेला असतो. स्मृति भरली कीं तींतलें सामान तात्पुरतें तेथें हलवावयाचें. प्रत्येक विभागास एक लांबलचक खूण दिलेली असते, आणि ‘एफएसटॅब’ नांवाच्या पत्रिकेंत, सुरू होतांना कोणकोणते विभाग जोडावयाचे, तें या खुणांनीं लिहिलेलें असतें. दिवाळीच्या सुटींत पुतण्यानें हौसेनें याच तबकडीच्या मोकळ्या भागावर लिनक्सचा दुसरा एक संच बसवून पाहिला होता. बसवितांना त्या संचानें स्वॅपचा विभाग पुसून नव्यानें आंखला. विभाग तोच, जागा तीच. खूण मात्र बदलली. जुनी प्रणाली रोज सकाळीं जुन्या खुणेनें हांका मारीत बसे. पाहुण्यानें बिऱ्हाड बदललें आणि आपण जुन्या पत्त्यावर टांगा उभा करून बसावें, तसा हा प्रकार. सिस्टमडीनें अशा प्रतीक्षेस नव्वद सेकंदांची मर्यादा घातली आहे, म्हणून निदान नव्वद सेकंदांत तरी सुटका होई.

कर्नलच्या रकान्यांतील 38 सेकंदांतहि हीच कथा होती. यंत्र झोंपवून ठेवलें असल्यास तें जागें करण्याची सामग्री स्वॅपमध्यें असते. म्हणून सुरुवातीसच एक लहान प्रारंभिक प्रणाली तो विभाग शोधते. तिच्या टिपणांतहि जुनीच खूण होती, आणि ती तीस सेकंद शोधून मग नाद सोडी.

उपाय दहा मिनिटांचा ठरला. नवी खूण विचारून घेतली, पत्रिकेची एक नक्कल बाजूला ठेवून तींत ती लिहिली, प्रारंभिक प्रणालीच्या टिपणांत लिहिली, आणि ती प्रारंभिक प्रणाली नव्यानें बांधण्याची आज्ञा दिली. पुष्कळ लोक पत्रिका दुरुस्त करतात आणि हें शेवटचें विसरतात. मग तीस सेकंद तसेच राहतात. लोडर दहा सेकंद निवडीची वाट पाहत असे, ती मुदत आम्हीं तीनवर आणली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एकूण आंकडा 1 मिनिट 23 सेकंद. वहिनींचा चहा हरला. सर्वांनीं पुतणीचें कौतुक केलें. पुतण्यानें खालीं मान घालून चहा घेतला.

येथें हा लेख संपला असता, तर तो दुरुस्तीचा एक सुखान्त लेख झाला असता. काकासाहेबांना मात्र तें पसंत पडलें नाहीं. हिशेब खात्यांतल्या माणसास जुळलेला हिशेबहि एकदां पुन्हां तपासावासा वाटतो. ते रोज आंकडा लिहीत राहिले. आठ दिवसांनीं त्यांनीं वही माझ्यापुढें ठेवली. 83 सेकंद, 84, 91, 86, 104, 97, 128, 112. “एका जागीं उभा राहत नाहीं हा,” ते म्हणाले. “फाटक असेल तर रोज तेवढाच वेळ घेईल. हें कांहींतरी वेगळें आहे.”

तें वेगळेंच होतें. चुकीच्या पत्त्याचा खोळंबा रोज सारखा असतो. नव्वद म्हणजे नव्वद. जो खोळंबा अनियमित असतो आणि चढत जातो, त्याच्या मागें बहुधा झीज असते. पुतणीनें पुन्हां रोजनिशी उघडली, पण या वेळीं कर्नलच्या नोंदी पाहिल्या. तबकडीवरील अमुक जागा वाचतां आली नाहीं, पुन्हां वाचली, अशा ओळी पांच-सहा दिवसांपासून दाटूं लागल्या होत्या.

आमच्या यंत्रांतली फिरती तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारें 8 मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोंकाखालीं येईपर्यंत थांबावें लागतें, आणि सुरू होतांना प्रणाली हजारों लहान लहान धारिका वाचते, म्हणून अशा तबकडीवर कांहीं वेळ जाणें रास्तच आहे. परंतु एखादी जागा झिजली कीं तबकडी तीच जागा पुन्हां पुन्हां वाचून पाहते. डोळे अधू झालेल्या माणसानें एकाच ओळीवर बोट ठेवून बसावें तशी. अशा एका जागेपायीं कित्येक सेकंद जातात. तबकड्या आपल्या प्रकृतीची नोंदहि ठेवतात. ‘स्मार्ट’ या नांवानें ती ओळखली जाते. तींत दोन ओळी पाहाव्या: झिजल्यामुळें बदलून दिलेल्या जागा किती, आणि वाचण्याची आशा धरून ठेवलेल्या जागा किती. दोन्ही शून्य असाव्या. आमच्या दोन्ही शून्य नव्हत्या, आणि दुसरी रोज वाढत होती.

आतां प्रश्न सकाळच्या चहाचा उरला नव्हता. अकरा वर्षांचा कुलवृत्तांत त्या तबकडीवर होता, आणि त्याची दुसरी प्रत? काकासाहेब जरा वेळानें म्हणाले, “दोन वर्षांपूर्वीं धाकट्यानें एका पेटींत घालून दिली होती. त्यानंतर राहिली.”

अशा वेळीं काय करूं नये, तें आधीं सांगतों. तबकडी दुरुस्त करणाऱ्या आज्ञा चालवूं नयेत. त्या तबकडीवर लिहितात, आणि झिजलेल्या तबकडीवर लिहिणें म्हणजे फाटक्या कागदावर खोडरबर घासणें. नेहमींप्रमाणें यंत्र चालू-बंदहि करीत राहूं नये. आम्हीं यंत्र बंद केलें. दुसऱ्या संगणकावर एका बोटभर यूएसबी कांडीवर लिनक्स तयार केली आणि यंत्र तिच्यावरून उठविलें, म्हणजे आजारी तबकडीस उठण्याचे कष्ट नकोत. प्रथम कुलवृत्तांताची मुख्य संहिता बाहेर काढली. ती निर्वेध आली. मग संपूर्ण तबकडीची नक्कल करण्यासाठीं ‘डीडीरेस्क्यू’ ही मुक्त आज्ञावली लावली. तिची रीत शहाणपणाची आहे. सहज वाचतां येईल तें ती आधीं सगळें उचलते, अडलेल्या जागा टिपून ठेवते, आणि मग त्या जागांकडे सावकाश परत येते. परीक्षेंत सोपे प्रश्न आधीं सोडवावे, तसेंच हें.

ती रात्र व दुसरा दिवस तें काम चाललें. काकासाहेब मधून मधून येऊन पडद्यावरचा आंकडा पाहून जात. शेवटीं जवळजवळ सगळें हातीं आलें. कागदांच्या छायाचित्रांपैकीं मात्र चार उघडलीं नाहींत. त्यांपैकीं तिघांचे मूळ कागद घरच्या ट्रंकेंत होते. त्यांचीं छायाचित्रें पुन्हां घेतलीं. चौथें एका भाऊबंदांकडील जुन्या पत्राचें होतें. काकासाहेबांनीं पत्र ज्यांचें त्यांना प्रामाणिकपणें परत केलें होतें. ते गृहस्थ पुढें वारले, त्यांचें घर विकलें गेलें, आणि पत्राचा ठावठिकाणा आतां कोणास सांगतां येत नाहीं. त्यांतील मजकुराच्या दोन ओळी काकासाहेबांना आठवतात. त्या त्यांनीं लिहून ठेवल्या आहेत, आणि पुढें ‘स्मरणावरून’ असें नमूद केलें आहे.

आम्हीं नवें यंत्र घेतलें नाहीं. जुन्याच यंत्रांत, फिरता भाग नसलेली नवी तबकडी, ज्यास एसएसडी म्हणतात ती, बसविली. तिला फेऱ्यासाठीं थांबावें लागत नाहीं. आतां तें यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आंत उठतें. दादांचें म्हणणें म्हणजे अगदींच खोटें नव्हतें. म्हातारपण होतें, पण तें सगळ्या यंत्राचें नव्हतें, एका अवयवाचें होतें.

या विषयाच्या अभ्यासांत 2008 सालची एक हकीकत मला फार आवडली. आर्यन फान डे फेन व आउके कोक या दोन अभियंत्यांनीं एक लहान संगणक पांच सेकंदांत उठवून दाखविला. त्यांची रीत अशी: कोणास किती वेळ लागतो हें विचारून बेरीज करावयाची नाहीं. पांच सेकंद हा संसाराचा पगार धरावयाचा, त्यांतून कर्नलला एक, सुरुवातीच्या सेवांना एक, असे वांटे आधीं ठरवावयाचे, आणि ज्याचें वांट्यांत भागत नाहीं त्यालाच जाब विचारावयाचा. आमच्या घरीं महिन्याचा खर्च वहिनी याच रीतीनें चालवितात, हें त्यांना सांगितलें तेव्हां त्या हंसल्या.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी लिनक्स आहे, त्यांनीं एवढें करावें. यंत्र नीट उठत असतांच एकदां ती पहिली आज्ञा देऊन आंकडा वहींत लिहून ठेवावा, आणि महिन्यांतून एकदां पुन्हां लिहावा. निरोगी असतांना घेतलेलें माप नसेल तर आजार किती वाढला हें कशाशीं ताडून पाहाल? आंकडा एकदम वाढून तेथेंच थांबला, तर अलीकडे काय बदललें तें आठवावें. बहुधा कोणाची तरी जुन्या पत्त्यावर वाट पाहणें चाललें असेल. आंकडा डळमळत चढत असेल, तर दुसरें कांहीं करण्याआधीं प्रत काढावी.

काकासाहेबांची वही अजून चालू आहे. तींत आतां प्रत्येक रविवारच्या तारखेपुढें दोन रकाने असतात. एका रकान्यांत उठण्यास लागलेले सेकंद. दुसऱ्यांत, प्रत काढली कीं नाहीं, त्याची बरोबरची खूण. मागच्या रविवारीं पाहिलें, तेव्हां दुसरा रकाना कोठेंहि रिकामा नव्हता.